तात्यांचा साइड ड्रम आणि दोन नातवंडं: मे ते ऑगस्टच्या नोंदी

४ मे २०२५

माळा आवरताना तात्यांचा साइड ड्रम, पट्ट्याने अंगावर लटकवून दोन काठ्यांनी वाजवतात तो, खाली काढला. गोणपाटात गुंडाळलेला, वर सुतळी, आत २०१२ सालच्या वर्तमानपत्राची घडी. म्हणजे तेरा वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही.

तात्या म्हणजे माझे वडील, वय ७४. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत पाइप बँडला (बॅगपाइप आणि ड्रमचा बँड) ड्रमर होते. बेळगावच्या सेंटरला भरती झाले आणि १९८६ला पेन्शन घेऊन गावी आले. गाव आमचं सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाचा स्तंभ गावात आहे. पलटणीतला ड्रम पलटणीत राहिला. तात्यांना करमेना, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पैशाने मेरठच्या जली कोठीतून हा मागवला. बँडची वाद्यं करणाऱ्यांची ती जुनी पेठ. याच ड्रमवर त्यांनी पुढे वीसेक वर्षं शाळाशाळांतून पोरांची पथकं बसवली.

मला दोन मुलं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठचा. दोघांना ड्रम म्हटलं की गणपतीतला ढोल आणि डीजेची भिंत एवढंच डोळ्यांसमोर येतं. संचलनाचा बँड ऐकला की माझ्या अंगावर आजही काटा येतो. ते मुलांना मिळावं, आणि तात्यांचे हात चालतात तोवर मिळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. १५ ऑगस्टला कॉलनीच्या झेंडावंदनाला दोघांनी या ड्रमवर चालायचं, असं ठरवलंय. साडेतीन महिने हातात आहेत. घरी असंच काही करू बघणाऱ्याला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते. चुकाही लिहिणार.

ड्रमची अवस्था अशी: पितळी बॉडी, काळवंडलेली पण कुठे पोचा नाही. कडी लाकडी, शाबूत. आठ रॉड, आठही गंजलेले. वरचं पान, म्हणजे काठी पडते तो पडदा, कातड्याचं, त्यावर बुरशीचे ठिपके. खालचं पान प्लास्टिकचं, आरपार चिरलेलं. खालच्या तारा हात लावताच तुटून पडल्या. रॉड आवळायची चौकोनी तोंडाची चावी मात्र चकचकीत आहे, कारण ती तात्यांच्या बंडीच्या खिशात असते. ड्रम माळ्यावर आणि चावी खिशात, अशी तेरा वर्षं.

७ मे

तीन संध्याकाळी मुलांना शेजारी बसवून मोबाइलवर बीटिंग रिट्रीट दाखवला. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात तिन्ही दलांचे बँड वाजवतात तो. मी लहानपणी दूरदर्शनसमोर मांडी घालून हलायची नाही. थोरलीने दहा मिनिटं कशीबशी काढली. धाकट्याने विचारलं, "आई, यात गोष्ट कधी सुरू होते?"

हे बंद. जबरदस्तीने ऐकवून आवड लागत नाही, उलट उद्या बँडचं नाव काढलं तरी पळतील. तीन संध्याकाळी वाया गेल्या.

११ मे

रॉड सोडवायला पूर्ण रविवार गेला. आदल्या रात्री प्रत्येक रॉडच्या तोंडाशी डिझेलचे थेंब सोडून ठेवले होते. सहा रॉड चावीने हळूहळू सुटले. सातव्याला मी पाना लावून जोर केला, तो मधूनच तुटला. आठवाही तसाच गेला. तात्या म्हणत होते, "आज ऱ्हाऊ दे, आणखी दोन रात्री पिऊ दे त्याला." मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ते दोनही वाचले असते. लेथवाल्याने तसेच आटे पाडून दोन नवे करून दिले, प्रत्येकी १८० रुपये. जुना रॉड नमुन्याला न्यावा लागतो, तोंडी माप चालत नाही.

थोरली दिवसभर शेजारी बसून गंज घासत होती. मोबाइलवर दहा मिनिटं न टिकणारी मुलगी चार तास बसली. हे लक्षात ठेवलं.

१७ मे

खालच्या पानाची ऑर्डर दिली, ५५० रुपये. टेप लावून १५ इंच भरलं तेच कळवलं.

२७ मे

पान आलं आणि बसत नाही. मी टेप लाकडी कड्याच्या बाहेरून लावला होता. माप घ्यायचं ते कडं काढून, नुसत्या बॉडीच्या तोंडावर, या काठापासून त्या काठापर्यंत. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. दहा दिवस आणि ५५० रुपये गेले.

दुसरी गोष्ट तात्यांनी आज सांगितली, ती आधी माहीत असती तर बरं झालं असतं. वरचं आणि खालचं पान एकसारखं नसतं. वरच्यावर काठी पडते, ते जाड हवं. खालचं पातळ लागतं, कारण त्याला नुसतं थरथरायचं असतं, ते थरथरलं की त्याला टेकलेल्या तारा खर्र वाजतात. खाली जाड पान चढवलं तर ड्रम डब्यासारखा बोलतो. मी मागवलेलं होतं जाड. म्हणजे माप बरोबर असतं तरी फुकटच गेलं असतं.

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागलाय. घरात कपडे वाळत नाहीत.

१ जून

आजची नोंद लिहायला जड जातंय.

वरचं कातड्याचं पान आम्ही ठेवणार होतो. बुरशी ओल्या फडक्याने पुसून काढली होती. ते ओलसर आणि सैल पडलं होतं, चार दिवस ऊन नाही. मी त्यावर हेअर ड्रायर धरला. पाचेक मिनिटांत कातडं ताणलं, काठीने टक केलं तर काय सुरेख वाजलं! म्हणून आणखी दोन मिनिटं धरला. काठाजवळ एक बारीक आवाज झाला, पापड मोडल्यासारखा. वीतभर चीर गेली.

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी पान हातात घेतलं, चिरेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून बघितलं. ओरडले नाहीत. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "पलटणीत पावसात भिजलं तरी आम्ही शेकत नव्हतो. सावलीत ठेवायचं. कातडं वाळायला त्याचं तेच येळ घेतं." मग म्हणाले, "मिरजंला जाऊन ये. तितं जाणती माणसं हायती."

कातड्याचं पान असलेलं काहीही असो, हलगी असो, डफ असो, त्याला यंत्राची गरम हवा दाखवू नका.

८ जून

साताऱ्याच्या माहुली स्टेशनावरून रेल्वेने मिरज. थोरलीला बरोबर नेलं. सतारमेकर गल्लीत दुकानोदुकानी भोपळे टांगलेले, कुठे तुंब्यावर नक्षी चाललेली, कुठे तारा लावून जुळवणं चाललेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोरगी एका दारात अर्धा तास उभी राहिली, मीही घाई केली नाही.

पण आमचं काम तिथलं नव्हतं. ते लाकूड, भोपळा आणि तारेवाले. त्यांनी तबलेवाल्याकडे पाठवलं. तबलेवाल्याने पान बघितलं आणि सरळ सांगितलं, की एवढं मोठं साधं पान ते करत नाहीत. त्यांची पुडी, म्हणजे तबल्याचं पान, गजऱ्यात (कडेच्या कातडी वेणीत) विणलेली असते, हे कड्यावर गुंडाळलेलं, हा वेगळा धंदा. त्यांनी प्लास्टिकचंच चढवायला सुचवलं. निघताना म्हणाले, "हे टाकू नका ताई. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, मऊ होईल. चीर सोडून चांगला भाग कापा आणि ओलं असतानाच लहान कड्यावर ताणा. वाळताना आपोआप आवळतं." एका पैशालाही हात लावला नाही.

तिकीट आणि जेवण मिळून ४२० रुपये. ज्यासाठी गेलो ते मिळालं नाही.

११ ते १३ जून

तात्यांनी तबलेवाल्याचं म्हणणं तंतोतंत केलं. घरात लाकडी कड्याची जुनी पिठाची चाळणी होती, जाळी फाटलेली. जाळी काढली. रात्रभर बादलीत भिजलेलं कातडं सकाळी ओल्या पोळीसारखं लोळत होतं. चीर वगळून त्यातला गोल कापला, चाळणीच्या कड्यावर टाकला. समोरासमोर एक एक बारीक खिळा ठोकत गेले: आधी वरचा, मग खालचा, मग डावा, मग उजवा. धाकटा खिळे हातात देत होता. नंतर खिडकीपासून लांब, सावलीत, कपाटावर ठेवून दिलं.

दोन दिवसांनी ते आपोआप कडक झालं. बोट मारलं की टण्. धाकटा ते उशाशी घेऊन झोपतो. ज्या कातड्यावर तात्यांनी वीस वर्षं पोरं चालवली, त्यातलं वीतभर तरी उरलं. माझ्या मनावरचा दगड थोडा हलला.

१४ आणि १५ जून

चौदा इंची दोन्ही पानं आली. वरचं ७८०, खालचं पातळ ६२०, तारांचा जोड ३५०.

शनिवारी मी आणि नवऱ्याने बसवलं. एका रॉडपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यासारखं ओळीने आवळत गेलो. शेवटच्या रॉडला पोचेपर्यंत कडं एका बाजूला खाली दबलं, पान एका कडेला कर्कश वाजतंय आणि दुसऱ्या कडेला ढप्प. रात्री नऊपर्यंत झटापट केली.

रविवारी सकाळी तात्यांनी सगळे आठ रॉड सोडायला लावले. बोटाने जेवढे फिरतात तेवढेच बसवले. मग चावीचा अर्धा वेढा एका रॉडला, अर्धा त्याच्या समोरच्याला, मग काटकोनातल्याला, मग त्याच्या समोरच्याला. असे चार फेरे. प्रत्येक फेऱ्यानंतर प्रत्येक रॉडजवळ काठीने हलकं टक करून कान लावायचा. जिथे आवाज खाली, तिथे पाव वेढा. चाळणीला खिळे ठोकताना त्यांनी हेच केलं होतं, समोरासमोर. डोळ्यांदेखत झालं तरी मला ते इथे लावता आलं नाही.

तारा सगळ्यात शेवटी. फार आवळल्या तर गळा दाबल्यासारखा आवाज येतो. कागदाचा कपटा तारांखाली सरकवून बघायचा, जरा अडखळत सरकला की पुरे.

दुपारी तात्यांनी पट्टा न लावता, ड्रम खुर्चीवर ठेवून, पहिला रोल (दोन्ही काठ्यांचे सलग, भराभर ठोके) वाजवला. आधी डावा हात मागे पडत होता. तिसऱ्या वेळी तो लागला आणि घरातली भांडी थरथरली. आई असती तर स्वयंपाकघरातून बाहेर आली असती.

२१ जून

शिकवणी सुरू. ड्रमर मंडळी ज्याला मम्मी-डॅडी म्हणतात तो रोल: दोनदा उजवा, दोनदा डावा. तात्यांनी पोरांसाठी त्याचं "आई-आई, बाबा-बाबा" केलंय. आधी तोंडाने म्हणायचं, मग मांडीवर हाताने, मग काठीने. तोंडाला आल्याशिवाय काठी हातात नाही.

माझी चूक: मी मोबाइलवर १२० ठोक्यांचा टिकटिक करणारा ॲप लावून दिला. मिनिटाला १२० पावलं, संचलनाची नेहमीची गती. थोरली ठोक्याची वाट बघायला लागली, म्हणजे दर वेळी केसभर उशिरा. तात्यांनी मोबाइल पालथा घातला. "घड्याळाच्या मागनं चालायचं न्हाई पोरी. पाय टाकायचा आणि पायावर हात टाकायचा."

दोन स्टिकजोड ३०० रुपये. सरावाला प्लायवूडच्या तुकड्यावर सायकलची जुनी ट्यूब चिकटवली, ४० रुपये. आमच्या वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून संध्याकाळी सातनंतर फक्त ट्यूबवर.

२९ जून

परवा माउलींच्या पालखीचं उभं रिंगण बघायला चांदोबाच्या लिंबाला गेलो. ड्रमचा या सहलीशी काही संबंध नव्हता. तात्यांना दरवर्षी जायचं असतं.

तिथे एक दिंडी पावली खेळत होती. टाळ, मृदंग, आणि पुढे-मागे पडणारी शेदीडशे पावलं. धाकटा माझा हात सोडून कडेला उभा राहिला आणि बघता बघता त्याचे पाय त्यांच्याबरोबर पडायला लागले. कुणी मोजून दिलं नव्हतं. आठवडाभर आम्ही "डावा-उजवा-डावा" करून त्याला शिकवतोय आणि तो दर आठ पावलांना चुकतोय. इथे पंधरा मिनिटं एकही पाऊल चुकलं नाही.

परतीच्या वाटेवर मला माझं लहानपण आठवलं. तात्या ज्या शाळेत पथक बसवायचे तिथे मुलींना बँडमध्ये घेत नव्हते. मला कधी स्टिक मिळाली नाही. पण सकाळी त्यांच्याबरोबर शाळेत चालत जायचे, नि तात्या रस्ताभर तोंडाने रोल म्हणायचे, ड्र्रर्र-टक-टक, ड्र्रर्र-टक. माझे पाय आपसूक त्यावर पडायचे. मला जे मिळालं ते त्या रस्त्यावर मिळालं. आणि मी मुलांना खुर्चीवर बसवून शिकवत होते.

उद्यापासून खुर्ची बंद. रोज सकाळी सहाला तात्या आणि दोन्ही मुलं गोडोलीच्या तळ्याकडे चालत जातील. ड्रम घरी. फक्त तोंडाने.

६ जुलै, आषाढी

आठवडाभर चालण्याचा परिणाम दिसतोय, पाय जमले. आता वजनाचा प्रश्न आहे. ड्रम रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेपाच किलो भरला. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा, ड्रम थोरलीच्या गुडघ्यावर आपटतो. पहिल्याच दिवशी नडगी काळीनिळी झाली. मोच्याकडून पट्टा वीतभर कमी करून घेतला आणि खांद्यावर नमद्याची पट्टी शिवली, १२० रुपये. ड्रम अंगावर घेऊन चालणं आधी पाच मिनिटं, दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. अकरा वर्षांच्या मुलीला याहून जास्त देऊ नये. शक्य असेल तर हलका बारा इंची ड्रम मिळवा. आम्हाला हाच हवा होता.

पट्ट्याला लटकवलेला ड्रम तिरका राहतो, म्हणून डाव्या हाताची पकड वेगळी असते: तळवा वर, काठी अंगठ्याच्या बेचक्यात. थोरलीला ती तीन दिवसांत आली. धाकट्याला काठी द्यायची घाई नाही, तो चाळणीचा डफ बोटांनी वाजवतो.

१३ जुलै

झेडपीच्या मैदानावर पहिल्यांदा. तात्या एका टोकाला खुर्चीवर, ड्रम पुढ्यात, दर पावलाला एक ठोका. मुलं त्यांच्यापासून निघून समोरच्या टोकाकडे चालत गेली. मी तात्यांजवळ उभी. निम्म्या मैदानापर्यंत ठीक. पुढे थोरलीचं पाऊल ठोक्याबाहेर जायला लागलं, टोकाला पोचेपर्यंत पूर्ण अधांतरी. मी हाका मारल्या, "पाय चुकतोय!" परत आल्यावर रागावलेही. ती रडकुंडीला येऊन म्हणत राहिली, "मी आवाजावरच टाकत होते."

तात्या म्हणाले, "तू जा की तिच्यासंगं." गेले. आणि तिथे, ऐंशी-पंच्याऐंशी मीटरवर, पोरीचं पाऊल ठोक्यावर चोख पडत होतं. मान वळवून तात्यांकडे बघितलं तर ठोका कानावर येतो तेव्हा त्यांची काठी हवेत, डोक्याशी! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ८५ मीटरला पाव सेकंद लागतो. १२०च्या गतीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे पाव सेकंद हे बरोब्बर अर्धं पाऊल. लेक बरोबर होती, मी लांब उभी राहून तिला चूक ठरवत होते.

तिथेच तिची माफी मागितली. मग दोघींनी मिळून बराच वेळ फक्त ती हवेतली काठी बघितली. धाकट्याला बोलावून दाखवली. तो तीस पावलं पुढे गेला, मागे आला, पुन्हा गेला. "आई, इथं आवाज काठीला धरतो, तिथं सोडतो."

उपाय: ड्रम एका जागी ठेवायचा नाही, तो चालणाऱ्यांबरोबर चालला पाहिजे, आणि सगळ्यांनी वीस मीटरच्या आत राहायचं.

२७ जुलै

कॉलनीतली आणखी चार मुलं यायला लागली. मैदानावर चिखल, म्हणून पार्किंगमध्ये सराव.

तात्यांनी दोन पावलांत सहा मात्रांची चाल काढली, पाइप बँडला तशा पुष्कळ असतात. मुलांचे पाय गोंधळले. मी म्हटलं, दादरा आठवा, धा धी ना, धा ती ना. पहिल्या धा-ला डावा, दुसऱ्याला उजवा. थोरली दोन वर्षं तबला शिकलीय, तिला लगेच कळलं. बाकीच्यांना नाही. १५ ऑगस्टसाठी सरळ दोन मात्रांचीच चाल ठेवली.

सराव संपल्यावर मुलं पांगली आणि मी तात्यांना विचारलं, की मला कधी का शिकवलं नाही. पुष्कळ वर्षांचं मनात होतं. ते स्टिक पुसत होते. "शाळेनं पोरींना घेतलं न्हाई, खरं हाय. पर घरात तर मी हुतो. माज्या ध्यानातच आलं न्हाई, बाई." मग त्यांनी स्टिक माझ्याकडे केल्या. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पार्किंगमध्ये उभं राहून मी पहिल्यांदा आई-आई, बाबा-बाबा वाजवलं. डावा हात फार जड आहे. रोज दहा मिनिटं करणार.

१० ऑगस्ट

रंगीत तालीम. वळणावर गडबड होते. डावीकडे वळताना आतल्या मुलाने पाऊल आखूड टाकायचं आणि बाहेरच्याने लांब, पण गती तीच. फरशीवर खडूने वळण आखून दिलं, त्यावर वीस वेळा चालवलं. एवढं पुरलं.

१५ ऑगस्ट

पहाटेपासून भुरभुर. प्लास्टिकच्या पानाला काही झालं नाही. चाळणीचा डफ मात्र हवेतल्या ओलीने सैल पडला, वाजेना. धाकट्याचा चेहरा उतरला. मला पुन्हा शेकायचा मोह झाला, हात आवरला. त्याला सांगितलं, नुसता बगलेत धरून चाल. तो तसा चालला.

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, मुलं निघाली. पुढे थोरली ड्रमवर, मागे दोन-दोनच्या रांगेत बाकीची. पहिली फेरी चांगली. दुसऱ्या वळणावर ओल्या हातातून तिची डावी स्टिक निसटली आणि फरशीवरून घरंगळत गेली. ती थांबली नाही. उजव्या हाताने दर डाव्या पावलाला एक ठोका देत राहिली, पण गती वाढायला लागली, घाबरल्यावर वाढतेच. मागच्या रांगेची पावलं फुटायला लागली.

तात्या खुर्चीवरून उठले आणि झेंड्याच्या काठीजवळ जागच्या जागी कदमताल करायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे, पाय फार वर येत नाहीत, पण टाच पडत होती ती नेमकी १२०ला. थोरलीने त्या टाचेकडे बघितलं. चार-पाच पावलांत गती खाली आली. धाकट्याने रांग न मोडता पायाशी आलेली स्टिक उचलली आणि वळणावर तिच्या हातात दिली. रोल पुन्हा दोन्ही हातांनी सुरू झाला.

एकूण चार मिनिटं चाललं असेल. भुरभुर थांबली नव्हती, आणि चाळीसेक माणसांतलं कुणी आडोशाला गेलं नाही.

१७ ऑगस्ट

हिशेब: रॉड ३६०, डिझेल ४६, चुकीचं पान ५५०, मिरज ४२०, दोन पानं १,४००, तारा ३५०, स्टिक ३००, पट्टा १२०, सरावाची फळी ४०. एकूण ३,५८६ रुपये. यातले ५५० निव्वळ वाया. मिरजेचे मी वायात धरत नाही.

आज ड्रम उघडून पुसला. तारांच्या टोकाला गंजाचा पहिला लाल ठिपका दिसतोय. भिजल्यावर त्याच दिवशी कोरडं करायला हवं होतं, दोन दिवस तसाच राहिला. रॉडच्या आट्यांना शिवणमशिनचं तेल लावलं. डफ दोन दिवसांत पुन्हा कडक झालाय. वरचं पान मधोमध किंचित खोलगट झालंय, २६ जानेवारीच्या आधी बदलायचं. या खेपेला टेप थोरलीने लावला, कडं काढून, बॉडीवर.

रॉड आवळायचं कामही तिनेच केलं, समोरासमोर, अर्धा-अर्धा वेढा, दर फेरीला कान लावून. झाल्यावर चावी तात्यांपुढे धरली. ते पेपर वाचत होते, त्यांनी हात पुढे केला नाही. चावी आता तिच्या कंपासपेटीत आहे.